एआरटीच्या बाकावर होणारा जावई दिसला. सांगू की गप्प बसू?

पत्र

ताई, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. गावाचं नाव छापू नका. आमच्याकडची अर्ध्याहून जास्त घरं दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्याला जातात आणि चैत्रात माघारी येतात.

माझ्या थोरल्या दिराच्या मुलीची सोयरीक जमली आहे. पोरगी वीस वर्षांची, बारावी झालेली. मुलगा शेजारच्या तालुक्यातला, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे, चुलता ऊसतोड टोळीचा मुकादम. सुपारी फुटली आणि आता सगळे तारखेची घाई करायलेत. मागच्या महिन्यात एका गरोदर बाईला घेऊन मी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिथं एआरटी सेंटर आहे, एचआयव्हीची औषधं देतात ते. त्याच्या बाहेर बाकावर हाच मुलगा बसलेला दिसला. मला बघितलं आणि तोंड फिरवून बसला. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. दिराला सांगावं तर त्या पोराची गावोगाव बदनामी होईल आणि माझं कामही जाईल. न सांगावं तर आमच्या पोरीचं वाटोळं. मालकांना सांगितलं तर ते म्हणतात, "तू काही बघितलंच नाहीस असं समज."

आणखी एक. काही वर्षांमागं आमच्या गावातला एक जण ह्याच आजारानं वारला. खांदा द्यायला चार माणसं मिळंनात. त्याची बायको तिशीतली आहे, दोन लेकरं आहेत. तिला तपासणीला चल म्हटलं की म्हणते, "तपासून काय करू? निघालं तर गावात राहू कुठं?" आम्हाला वरून जनजागृती करा म्हणतात. मी विषय काढला की बाया तोंडाला पदर लावून उठून जातात. काय करू, सांगा.

– एक आशा, जि. बीड

उत्तर

आशाताई,

घरात मालकांशिवाय कुणाला बोलला नाहीत, हे फार चांगलं केलंत. त्यांनाही शपथ घाला की हे पुढं जाणार नाही. पण "काही बघितलंच नाही असं समज" हा त्यांचा सल्ला मला मान्य नाही. दिराला जाऊन सांगणं आणि हातावर हात ठेवून बसणं, एवढे दोनच रस्ते तुमच्यापुढं आहेत असं तुम्हाला वाटतंय. तिसरा रस्ता आहे. तो थोडा लांबचा आहे, पण त्यात तुमची पुतणी सुरक्षित राहते, त्या मुलाची अब्रू राहते आणि ती विधवा बाईसुद्धा एक दिवस तुमच्यासोबत एसटीत बसते. तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत असं तुम्हाला वाटत असेल. मला ते एकच दिसतात.

आधी त्या बाकाबद्दल. मी समुपदेशक म्हणून काम केलं आहे, त्यामुळं एआरटीच्या बाहेर कोण कोण बसतं ते जवळून पाहिलं आहे. आईला घेऊन आलेला मुलगा असतो. कारखान्यावर अडकलेल्या भावाच्या गोळ्या न्यायला आलेला धाकटा असतो. बहिणीला रिक्षातून आणलेला दाजी असतो. तिथं बसलेला माणूस स्वतः संक्रमितच असेल असं नाही. त्यानं तोंड फिरवलं म्हणून तुमची खात्री झाली, पण त्या बाकावर ओळखीचं माणूस दिसलं की प्रत्येक जण तोंड फिरवतो, सोबत आलेलासुद्धा. तेव्हा तुम्हाला जे माहीत आहे ते इतकंच: तो तिथं होता. बाकीचं तुमच्या मनानं जोडलेलं आहे. ते खरं असू शकतं, खोटंही असू शकतं, आणि खोट्यावर एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त करणं म्हणजे काय ते तुम्ही गावात पाहिलेलं असणार.

समजा ते खरं आहे. तरीही दिराला सांगायचं नाही. २०१७ साली संसदेनं एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो देशभर लागू झाला. आरोग्याच्या कामात विश्वासानं कळलेली एखाद्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, असं त्यात आहे. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार कायद्यानं फक्त डॉक्टरला आणि समुपदेशकाला दिला आहे आणि त्यालाही अटी घातल्या आहेत. जोडीदाराला खरोखर धोका आहे असं दिसलं पाहिजे, त्या माणसाला आधी समजावून स्वतः सांगायची संधी दिली पाहिजे, तो सांगणार नाही अशी खात्री झाली पाहिजे आणि आता आम्ही सांगणार आहोत हेही त्याच्या कानावर घातलं पाहिजे. बाईचा रिपोर्ट नवऱ्याला सांगितल्यावर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर सांगायचंच नाही, हेसुद्धा त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. कायदा करणाऱ्यांनी आपली घरं ओळखली होती असं मला हे कलम वाचताना दर वेळी वाटतं. आता तुम्ही म्हणाल, मला कुणी विश्वासानं सांगितलं नाही, मी डोळ्यांनी बघितलं. वकील यावर वाद घालतील. पण तुम्ही तिथं दिराच्या घरची सून म्हणून गेला नव्हता, आशा म्हणून पेशंट घेऊन गेला होता.

कायद्यापेक्षाही मला गावाची जास्त काळजी आहे. समजा आज तुम्ही दिराला सांगितलं. ते जाऊबाईंना सांगतील, जाऊबाई माहेरी फोन करतील. आठ दिवसांत ही बातमी दोन तालुक्यांत फिरेल आणि तिच्या शेपटाला "त्यांच्या आशानंच सांगितलं" हे लागलेलं असेल. सोयरीक मोडेल. पोरगी सुटली म्हणून तुम्हाला बरं वाटेल. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही त्या विधवा बाईच्या दारात जाल, तेव्हा ती काय म्हणेल? ती आजच म्हणतेय, निघालं तर राहू कुठं. तुमच्या तोंडून एक नाव बाहेर पडलं की तिच्या भीतीवर शिक्कामोर्तब होईल. ज्या गरोदर बाईला घेऊन तुम्ही अंबाजोगाईला गेला होता ती तर आयुष्यात पुन्हा तुम्हाला सोबत नेणार नाही. गावात तपासणी बंद पडायला एवढं पुरतं, आणि तपासणी बंद पडली की प्रतिबंधाचं सगळं कामच बसतं. कारण लागण पुढं जाते ती मुख्यत्वे आपल्या अंगात विषाणू आहे हे ज्याला ठाऊकच नाही त्याच्याकडून, किंवा ठाऊक असून औषध न घेणाऱ्याकडून. औषधं नीट घेणाऱ्याकडून नव्हे.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण तुमच्या पुतणीचा प्रश्न इथंच सुटतो. तुम्हाला त्या बाकावर बसलेल्या एका मुलाची भीती वाटतेय. या उन्हाळ्यात तुमच्या गावात जितकी लग्नं लागतील त्यातले बाकीचे नवरदेव त्या बाकापर्यंत कधी गेलेच नाहीत. त्यांचं कुणाला काय माहीत आहे? त्यांच्या बायकांची काळजी कोण करणार?

म्हणून माझं सांगणं असं, की लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांनीही तपासणी करायची, आणि ही गोष्ट तुम्ही फक्त या सोयरिकीपुरती काढायची नाही. तुमच्या गावात ठरणाऱ्या प्रत्येक लग्नाला काढायची. सुरुवात तुमच्याच घरातून झाली तर लोक म्हणतील, आशानं आधी स्वतःच्या पुतणीची केली. दिराला सांगताना मुलाचं नाव काढायचं कारणच नाही. "मी आरोग्याचं काम करते, मी गावाला सांगते आणि माझ्याच घरात नाही केलं तर लोक हसतील" एवढं पुरतं, आणि हे खोटंही नाही. मुलाकडच्यांना अपमान वाटू नये म्हणून आधी आपल्या पोरीची तपासणी करून घ्या, मग त्यांना सांगा, की आम्ही केली, तुम्हीही करा. रक्तगट, हिमोग्लोबिन, थॅलेसेमिया, सिकलसेल यांच्या तपासण्या सोबत करता येतात. मात्र एचआयव्हीची तपासणी गुपचूप त्यात घालून घ्यायची नाही. ती समजावून आणि संमती घेऊनच होते, सक्ती कुणालाच करता येत नाही.

पण या सगळ्याआधी एका माणसाशी बोला, जिचं तुमच्या पत्रात फक्त वय आणि शिक्षण आलं आहे. तुमची पुतणी. वीस वर्षांची, बारावी शिकलेली मुलगी आहे. तिला काकी म्हणून जवळ बसवा आणि लागण कशी होते, कशी होत नाही, निरोध म्हणजे काय, लग्नाआधी तपासणी मागणं हा तिचा हक्क का आहे, ते नीट सांगा. मुलाबद्दल तिलाही काही सांगू नका. तपासणीची मागणी तिच्या तोंडून आली तर तिच्यासारखी ताकद कुणाच्याच बोलण्यात नाही. दोघांचे रिपोर्ट दोघांनी एकमेकांना स्वतः दाखवायचे, वडीलधाऱ्यांनी खिशात घालून फिरायचे नाहीत. आणि तिला हेही सांगा, की लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. त्यामुळं जोखीम घडली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. लग्नाआधीचा एक निगेटिव्ह कागद जन्मभर पुरत नाही.

त्या मुलाशी बोलायचं का? एकदा, एकट्यात, आणि अगदी थोडं. जमेल असं वाटलं तरच. त्याला म्हणा, "तुम्ही तिथं कशासाठी आला होता ते मी विचारणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. लग्नाआधी दोघांची तपासणी करायचं आमच्याकडून निघणार आहे. तुम्हाला काही बोलायचं असेल तर तिथल्या समुपदेशकाशी बोला, ते मदत करतात." बस. त्याच्या उत्तराची वाट बघू नका. तो स्वतः संक्रमित असेल तर आज तो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे. घरी कुणालाच माहीत नसेल, चुलत्यानं सोयरीक जमवली असेल आणि "नको" म्हणायला त्याच्याकडे कारण नसेल. अशी मुलं मी पाहिली आहेत, ज्यांना लग्न करायचं नव्हतं पण घरच्यांपुढं बोलता येत नव्हतं. तुम्ही धीर दिलात तर तोच मागं फिरेल किंवा खरं सांगेल. आपल्याकडून दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घेणं, शरीरसंबंधाआधी जोडीदाराला सांगणं, ही जबाबदारी त्याच कायद्यानं त्याच्यावरही टाकली आहे आणि एआरटीचे समुपदेशक ती समजावून सांगतात. त्याच्याशी बोलणं जमत नसेल तर अंबाजोगाईच्या समुपदेशकाला भेटून तुमची काळजी सांगा. ते तुम्हाला त्याच्याबद्दल एक अक्षर सांगणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांचं काम त्यांना कळतं.

मुलाकडच्यांनी तपासणीला साफ नकार दिला तर सोयरीक थांबवा. कारण द्यायची गरज नाही. आपल्याकडं लग्नं मानपानावरून मोडतात, हुंड्यावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात. तपासणीला नाही म्हटलं म्हणून मोडलं तर त्यात पोरीचा काहीही कमीपणा नाही. "सुपारी फुटली, आता माघार कशी" असं दीर म्हणतील. सुपारी फुटल्यावर मोडलेली लग्नं त्यांनीही पाहिली आहेत. इथं तुम्ही ठाम राहा, जाऊबाईंना सोबत घ्या.

आणि मुलानं खरं सांगितलं, रिपोर्ट दाखवला, तर? तर निर्णय तुमच्या पुतणीचा, पूर्ण माहितीनिशी. इथं तुम्हालाही एक गोष्ट पक्की ठाऊक हवी. रोज नेमानं औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला विषाणू काही महिन्यांत इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या तपासणीत तो सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ऐकीव नाही. एक जोडीदार संक्रमित आणि दुसरा निरोगी अशा जोडप्यांवर मोठे आंतरराष्ट्रीय अभ्यास झाले आहेत. त्यातल्या एका अभ्यासात पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. औषध लवकर सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असा त्याचा निष्कर्ष २०११ साली जाहीर झाला. त्यानंतरच्या अभ्यासांत विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झाल्याचं आढळलं नाही. म्हणजे एचआयव्ही असलेल्या माणसानं लग्नच करू नये असं नाही, त्यानं लपवून करू नये. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावे आपल्या राज्यात होतात. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात हासेगावला सेवालय आहे. तिथं एचआयव्ही घेऊन जन्मलेली लेकरं वाढली, शिकली, काहींची लग्नंही झाली. तरी तुमच्या पुतणीला ही सोयरीक नको असेल तर तिचं "नको" तिथंच संपलं पाहिजे. कुणी तिच्या मागं लागायचं नाही, आणि तिनं त्याचं नाव कुठं घ्यायचं नाही.

आता त्या विधवा बाईकडं येऊ. तिचा प्रश्न आजाराचा नाही, राहण्याचा आहे. तुम्ही तिला तपासणीचे फायदे सांगत असाल, ती मनात घर मोजत असेल. म्हणून बोलणं घरापासून सुरू करा. मघाच्याच कायद्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून, किंवा एचआयव्ही असलेल्या माणसासोबत राहिली म्हणून, तिला राहत्या घरातून किंवा त्याच्या कुठल्याही भागातून बाहेर काढता येत नाही. नवऱ्याच्या पश्चात तिचा आणि लेकरांचा हिस्सा आहे तो आहेच. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधित बसतात, एसटीच्या प्रवासात त्यांना सवलत आहे. हे आधी सांगा. मग सांगा की तपासणी आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात करायला हवी असं नाही. अंबाजोगाई, बीड, लातूर, धाराशिव, जिथं तिला कुणी ओळखत नाही तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जाता येतं. तपासणी फुकट असते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, रिपोर्ट फक्त तिच्या हातात देतात.

तिच्या डोक्यात जो आजार आहे तो तिनं नवऱ्याच्या अंगावर पाहिलेला आहे, म्हणून तपासून काय करू असं ती म्हणते. गावातल्या बहुतेकांच्या डोक्यात तर अजून २००४ च्या आधीचाच एड्स आहे. देशातले पहिले संक्रमित १९८६ साली मद्रासमध्ये सापडले आणि पुढची कितीतरी वर्षं साध्या माणसाला औषध परवडण्यासारखं नव्हतं. त्या काळी भिंतींवर, एसटी स्टँडवर लोकांना घाबरवणारी चित्रं रंगवली, ती भिंतीवरनं गेली पण मनातनं गेली नाहीत. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत औषध सुरू केलं. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी व्हायची वाट न बघता औषध सुरू होतं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. वेळेत सुरू केली आणि सोडली नाही तर माणूस शेती करतो, ट्रॅक्टर चालवतो, नातवंडं खेळवतो. तिला सांगा, तुझ्या नवऱ्याला उशिरा कळलं किंवा त्यानं औषध टिकवलं नाही. तुझं तसं व्हायची गरज नाही. लेकरांचीही तपासणी करून घ्या आणि तिला खोकला, ताप, वजन घटणं असं काही असेल तर क्षयाची तपासणी त्याच दिवशी. एचआयव्ही असलेल्यांचा जीव जाण्यामागं क्षयरोग हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि त्याचंही औषध फुकट आहे.

ती तयार झाली की तिला एकटीला पाठवू नका. एका बाईची मला नेहमी आठवण येते. ती गोळ्यांच्या बाटलीत कापूस कोंबून आणायची. एसटीत पिशवी हलली की बाटली खुळखुळते आणि शेजारची विचारते, कसल्या गोळ्या गं? घरी ती बाटली ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. रात्री सगळ्यांच्या भाकरी झाल्या की उद्याचं दळण काढायच्या निमित्तानं कणगीत हात घालायची. एक दिवस चुकवला नाही तिनं. अशा बाईला सगळ्यात जास्त गरज कशाची होती, तर जिच्यासमोर बाटली खुळखुळली तरी चालेल अशा एका माणसाची. तुमच्या गावात ते माणूस तुम्ही होऊ शकता, आणि म्हणूनच तुमच्या तोंडून कुणाचं नाव जाता कामा नये म्हणून मी इतकं बजावतेय.

आता जनजागृती. बाया उठून जातात याचं मला आश्चर्य वाटत नाही. चारचौघींत बसून या विषयावर मान डोलवली तरी दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चर्चा होते, हिला कशाला एवढी माहिती हवी? भाषण सोडून द्या. एकेकीशी बोला, अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी, बाळाचं वजन करताना. आणि एक गोष्ट समजून घ्या, जी बायांना कळते पण बोलता येत नाही. गरोदरपणात तपासणी बाईची होते. त्यामुळं घरातला पहिला रिपोर्ट तिचा येतो. नवऱ्याला लागण कितीही आधी झालेली असो, त्याचं रक्त कुणी तपासलेलं नसतं. मग घर ठरवून टाकतं की जिचा कागद आधी आला तिनंच आजार आणला. "माहेराहून घेऊन आली" हे वाक्य मी कितीतरी तोंडांतून ऐकलं आहे, आणि त्या वाक्यानं बाया लेकरासकट रस्त्यावर आल्या आहेत. बाया तपासणीला घाबरतात त्या सुईला नाही, या वाक्याला. तेव्हा गरोदर बाईची नोंदणी करताना नवऱ्यालाही त्याच दिवशी सोबत न्या, दोघांची तपासणी एकदम करा. "पहिल्या भेटीला जोडीनं यायचं" अशी तुमच्या गावची रीतच पाडा. सासूला पटवायला हेही सांगा, की आईला विषाणू असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आणि औषध वेळेत घेतलं, बाळालाही दिलं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. नातवाचं नाव काढलं की सासवा ऐकतात.

पुरुषांशी तुम्ही बोलू नका, ते हसतील. आरोग्यसेवकाला पुढं करा आणि मुकादमांना धरा. हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटायच्या दिवसांत सगळ्या टोळ्या एकत्र येतात, त्यावेळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून बीपी, शुगर, थुंकी यांच्यासोबत ज्याची तयारी असेल त्याची एचआयव्हीचीही तपासणी ठेवता येते. मुकादमाला नीतीचं प्रवचन नको. गडी ऐन हंगामात आजारी पडला तर कोयता बंद आणि उचल अंगावर, एवढं त्याला कळतं. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी निघण्याआधी आपल्या एआरटी केंद्रात सांगायचं, की आम्ही अमुक कारखान्याला चाललो. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या जवळच्या केंद्रातून घ्यायची सोय करून मिळते. हंगामात गोळ्या तुटतात ते बऱ्याचदा न सांगता निघाल्यामुळं. निरोध आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. जांघेत फोड, जखम, पू असं काही असेल तर लाजून जडीबुटीवाल्याकडं न जाता सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांवर उपचार करणाऱ्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जायचं, कारण अशा जखमांतून एचआयव्हीची लागण सोपी होते.

एक खबरदारी मात्र घ्या. हे सगळं सांगताना "ऊसतोडीला जाणाऱ्यांना एड्स होतो" असं कुणाच्या तोंडी बसू देऊ नका. कोयत्याला जाणारे बहुतेक नवराबायको जोडीनं जातात, दिवस-रात्र राबतात. घरापासून महिनोन्महिने एकटा राहणारा कुणीही, मग तो ड्रायव्हर असो, पुण्यातला सिक्युरिटी गार्ड असो की शिकायला गेलेला आपलाच पोरगा असो, जोखमीत येऊ शकतो. कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या माणसाच्या माथी आधीच कमी दोष मारलेले नाहीत.

आणि परत कुणी या आजारानं गेलं तर खांदा द्यायला लोक पुढं यावेत म्हणून त्यांना हे सांगा, की एकत्र जेवल्यानं, हात लावल्यानं, एका विहिरीचं पाणी प्यायल्यानं, डास चावल्यानं ही लागण होत नाही. तिरडी उचलल्यानंही होत नाही. लागण असुरक्षित शरीरसंबंधातून, संक्रमित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला होते, एवढेच रस्ते आहेत. कुठं बाळंतपणात वगैरे तुमच्या हाताला सुई टोचली, जखमेवर कुणाचं रक्त आलं, तर तासभरही न दवडता दवाखाना गाठा. ७२ तासांच्या आत सुरू केलेलं आणि २८ दिवस घेतलेलं औषध लागण रोखू शकतं.

आधी पुतणीशी बोला, या आठवड्यातच, तारीख निघायच्या आत. तिच्या मनात काही शंका आली किंवा तुमच्या मनात आली, तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. त्या विधवा बाईलाही तोच नंबर एका कागदावर लिहून द्या. ती तुमच्याशी बोलायच्या आधी कदाचित त्या नंबरवर बोलेल, आणि तसं झालं तर तिला मुळीच विचारू नका की फोन केलास का.